खिचडी ते 'थ्री कोर्स मील': शाळेत दुपारी काय शिजतं, कोण शिजवतं आणि पैसे कुठून येतात?

पनवेल तालुक्यात मोठ्या सुट्टीची घंटा झाली की दोन वेगवेगळी जेवणं सुरू होतात. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या खासगी शाळांमध्ये दप्तरातून डबे निघतात. पोळी-भाजी, पराठा, कधी नूडल्स. त्याच वेळी कर्नाळ्याच्या पायथ्याकडच्या किंवा माथेरानच्या डोंगराकडच्या वाड्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं नळाखाली हात धुतात, ताटं घेऊन व्हरांड्यात ओळीने बसतात आणि मावशी पातेल्यातून वाढायला लागतात.

या दुसऱ्या जेवणाचं सरकारी नाव आता 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना' असं आहे. कागदोपत्री ते 'पीएम पोषण' होतं. मास्तर आणि पालक अजूनही 'शालेय पोषण आहार' म्हणतात, आणि मुलांसाठी ती फक्त 'खिचडी' असते, मग त्या दिवशी ताटात मटकीची उसळ का असेना.

जून २०२४ मध्ये या खिचडीला एक नवं नाव मिळालं. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने 'तीन संरचित आहार पद्धती' म्हणजेच 'थ्री कोर्स मील' लागू करण्याचा निर्णय घेतला. आधी भात किंवा पुलाव-खिचडीसारखा मुख्य पदार्थ, सोबत मोड आलेली कडधान्यं आणि शेवटी तांदळाची खीर किंवा नाचणीचं सत्त्व अशी त्याची कल्पना होती. 'थ्री कोर्स' म्हटलं की सहसा हॉटेल आठवतं. पण शाळेतल्या मुलांना रोज अनेक पदार्थांचं जेवण देणारा एक देश खरंच आहे आणि त्याची उदाहरणं नेहमी दिली जातात. तो म्हणजे फ्रान्स. तिथे ते कसं चालतं हे पाहिलं की आपल्याकडे नेमकं कुठे अडतं तेही कळतं.

फ्रान्समध्ये शाळेतलं जेवण म्हणजे काय?

फ्रान्समध्ये दुपारचं जेवण हा देशाच्या वेळापत्रकातला पक्का कप्पा आहे. साधारण बारा ते दोनच्या दरम्यान देश जेवतो आणि लहान गावातली दुकानं त्या वेळेत बंद असतात. कामाच्या जागी, म्हणजे टेबलावर कॉम्प्युटरसमोर बसून जेवायला तिथल्या कामगार कायद्यानुसार मनाई आहे. कोरोनाच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सरकारला हा नियम तात्पुरता शिथिल करावा लागला, तेव्हा असा नियम असतो हे बाहेरच्या जगाला समजलं.

पदार्थ एकामागोमाग एक येतात. आधी सॅलड किंवा सूप, मग मांस, मासे किंवा अंड्याचा मुख्य पदार्थ, सोबत भाजी, मग चीज आणि शेवटी गोड किंवा फळ. ब्रेड ताटलीत न ठेवता सरळ टेबलावर ठेवायचा, दोन्ही हात टेबलावर दिसले पाहिजेत, सगळ्यांना वाढून होईपर्यंत सुरुवात करायची नाही. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच भोजनपद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. मान मिळाला तो सणासमारंभाला एकत्र बसून जेवण्याच्या रीतीला, कुठल्या एका पदार्थाला नाही.

मराठी पंगतीची रीत याच्या उलटी आहे. आपल्याकडे सगळं एकदम वाढलं जातं आणि क्रम वेळेऐवजी जागेने ठरतो. मीठ वर, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मध्ये भाताची मूद. 'थ्री कोर्स' हा शब्द शाळेत आला तरी जिल्हा परिषदेच्या ताटात तिन्ही पदार्थ एकाच वेळी वाढले जातात, ते याच सवयीने.

फ्रेंच शाळेतही हाच चार-पाच पदार्थांचा साचा चालतो. प्राथमिक शाळांच्या कँटीनची जबाबदारी तिथल्या नगरपालिकेची असते. ३० सप्टेंबर २०११ च्या सरकारी आदेशाने तिथे जेवणाच्या दर्जाचे नियम बंधनकारक केले. सलग वीस जेवणांचा हिशेब धरायचा आणि त्यात तळलेले पदार्थ किती वेळा, मासे किती वेळा, कच्ची भाजी-फळं किती वेळा हे तपासायचं. मीठ, केचप, मेयोनीज मुलांनी हवं तेवढं घ्यायचं नाही. पाणी आणि ब्रेड मात्र हवा तेवढा. शाळांमधली शीतपेये-चॉकलेटची यंत्रं तर २००५ पासूनच बंद आहेत. २०१८ च्या एका कायद्यामुळे आठवड्यातून एक जेवण शाकाहारी असावं लागतं.

हे जेवण फुकट नसतं. बहुतेक शहरांत पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे दर ठरतो. पॅरिसमध्ये सगळ्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला एका जेवणाचे ०.१३ युरो, म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये पडतात. सगळ्यात वरच्या गटाला ७ युरो. ताट मात्र एकच. कोण किती भरतं हे टेबलावर दिसत नाही.

आणि वेळ. फ्रान्समध्ये शाळेची दुपारची सुट्टी किमान दीड तासाची असावी लागते. आपल्याकडची मोठी सुट्टी शाळेगणिक वेगळी असते, पण दीड तासाची कुठेच ऐकिवात नाही.

म्हणून फ्रेंच कँटीन आदर्श आहे असं समजायचं कारण नाही. १९५६ पर्यंत तिथल्या शाळांमध्ये लहान मुलांना जेवणाबरोबर पाणी मिसळलेली वाइन देण्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. त्या वर्षी चौदा वर्षांखालील मुलांसाठी शाळेच्या जेवणात दारूवर बंदी आली. मोठ्या मुलांच्या शाळांमध्ये हीच बंदी यायला १९८१ उजाडलं.

आपल्याकडची योजना कुठून आली?

भारतात शाळेतल्या जेवणाची सुरुवात मद्रासमध्ये झाली. १९२०च्या दशकात मद्रास महापालिकेने काही शाळांमध्ये प्रयोग केला, पुढे मुख्यमंत्री के. कामराज यांनी तो राज्यभर नेला आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला आजचं मोठं रूप दिलं.

केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. पण महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांत सुरुवातीला शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. महिन्याला ८० टक्के हजेरी लावणाऱ्या मुलाला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे. तिशी-पस्तिशीतल्या अनेकांना शाळेतून पिशवीत आणलेले ते तांदूळ आठवत असतील. त्यात अडचण अशी होती की तांदूळ घरात गेले की सगळ्यांच्या हंडीत जायचे. त्या मुलाच्या पोटात किती गेले, हे कळायला मार्ग नव्हता.

हे बदललं ते सर्वोच्च न्यायालयामुळे. २००१ मध्ये गोदामांत धान्य सडत असताना देशाच्या काही भागांत लोक उपाशी होते. 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनेने याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांमध्ये वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेलं जेवण द्या. कोरडं धान्य चालणार नाही. २००८ पर्यंत आठवीपर्यंतची मुलं योजनेत आली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण सहा ते चौदा वयोगटातल्या मुलांचा हक्क ठरवलं. म्हणजे खिचडी ही सरकारची मेहेरबानी नाही, ती कायद्याने देणं आहे. एखाद्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर २०१५ च्या नियमांनुसार त्या मुलाला धान्य आणि पैशांच्या रूपात अन्न सुरक्षा भत्ता मिळाला पाहिजे.

एका ताटात किती?

पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० उष्मांक (कॅलरी) आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. त्यासाठी लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं माप आहे. मोठ्या मुलांना याच्या दीडपट.

तांदूळ केंद्राकडून येतो, त्याचे पैसे वेगळे. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या मुलामागे १० रुपये १७ पैसे असा दर आहे. त्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा.

शंभर लहान मुलांची शाळा धरली तर दिवसाचे ६७८ रुपये होतात. त्यात दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल, तिखट-मीठ-हळद-मोहरी आणि गॅस. शंभर मुलं असली तर हे निदान जमवता तरी येतं. वाडीवरच्या पंधरा मुलांच्या शाळेत दिवसाला १०१ रुपये ७० पैसे होतात. गॅसचा सिलेंडर शाळा लहान आहे म्हणून स्वस्त मिळत नाही, आणि बाजारातून भाजी आणायला रिक्षा किंवा दुचाकीचा खर्च तेवढाच होतो. योजनेचा दर डोक्याप्रमाणे ठरतो, चूल मात्र डोकी मोजत नाही. छोट्या शाळांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते.

शहरी भागात चित्र वेगळं असतं. तिथे शाळेत चूल नसते. केंद्रीय स्वयंपाकघरात संस्था किंवा बचत गट अन्न शिजवतात आणि टेम्पोतून डबे शाळेत पोचतात. खर्च आटोक्यात राहतो, पण सकाळी शिजलेला भात दुपारी ताटात पडतो.

अंडं आलं आणि गेलं

७ नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. उकडून, किंवा पुलाव-बिर्याणीतून. अंडं न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यासाठी ५ रुपये धरले होते. त्या वेळी पहिली ते पाचवीच्या पूर्ण जेवणाच्या सामानाचा दर ५ रुपये ४५ पैसे होता. म्हणजे एक अंडं जवळपास एका अख्ख्या जेवणाच्या खर्चाचं.

काही धार्मिक संघटनांनी आणि पालकांनी विरोध केला. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने स्पष्ट केलं की एखाद्या शाळेतल्या ४० टक्के पालकांचा विरोध असेल तर तिथे अंड्याऐवजी फळ द्यावं. हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. फ्रान्समध्ये शालों-सूर-सोन या शहराने २०१५ मध्ये, डुकराचं मांस असेल त्या दिवशी मुस्लीम आणि ज्यू मुलांना मिळणारं पर्यायी जेवण बंद केलं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०२० मध्ये निकाल लागला की पर्याय देणं नगरपालिकेला बंधनकारक नाही, पण द्यायला बंदीही नाही. शाळेच्या ताटात काय असावं हा प्रश्न कुठेच नुसता पोषणाचा राहत नाही.

महाराष्ट्रात मात्र अंड्याचा निकाल धर्माने लागला नाही, पैशाने लागला. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयात पाककृतींची यादी सुधारली गेली. व्हेज पुलाव, मसालेभात, मटार पुलाव, मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, चणा पुलाव, सोयाबीन पुलाव, मूग-शेवगा वरण आणि भात, मटकीची उसळ हे पदार्थ राहिले. अंडा पुलाव, तांदळाची खीर आणि नाचणीचं सत्त्व ऐच्छिक झालं. अंड्यांसाठी आणि साखरेसाठी सरकार वेगळा निधी देणार नाही, हवं असेल तर शाळांनी लोकसहभागातून उभा करावा, असं सांगण्यात आलं. म्हणजे 'थ्री कोर्स'मधला तिसरा कोर्स आठ महिन्यांत गावकऱ्यांच्या खिशावर सोपवला गेला.

लोकसहभाग खारघरसारख्या वस्तीत सहज जमतो. वाढदिवसाला केक ऐवजी शाळेला फळं देणारी माणसं तिथे मिळतात. अडचण ही की ज्या गावात मुलाला अंड्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच गावात वर्गणी काढायला सगळ्यात कमी घरं असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. हीच मुलं पुढच्या वर्षी पहिलीत येतात.

शिजवणाऱ्या मावशी

शासकीय भाषेत त्या 'स्वयंपाकी तथा मदतनीस' असतात. २५ मुलांपर्यंत एक, १०० मुलांपर्यंत दोन, पुढे दर शंभरी एक असं प्रमाण आहे. केंद्राने ठरवलेलं मानधन महिना १,००० रुपये आहे आणि ते २००९ पासून वाढलेलं नाही. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून २०२३ मध्ये ते २,५०० रुपयांवर नेलं. त्यात तांदूळ निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं आणि जागा झाडणं हे सगळं येतं. 'थ्री कोर्स'मुळे त्यात आदल्या रात्री कडधान्य भिजवणं आणि मोड आणणं वाढलं. पगार नव्हे, 'मानधन' असा शब्द आहे. त्यामुळे किमान वेतनाचा हिशेब लागू होत नाही.

वाढण्याआधी अन्नाची चव मोठ्या माणसाने घ्यायची असते आणि त्यातला एक शिक्षक असावा लागतो. त्याची नोंद 'चव रजिस्टर'मध्ये होते. हा नियम किती महत्त्वाचा आहे ते जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात दिसलं. गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलांचा जीव गेला. त्यानंतर देशभर तपासणी कडक झाली.

पंगत कोणाची?

फ्रेंच कँटीनचं कौतुक करताना तिथे मुलं 'एकत्र बसून जेवायला शिकतात' असं सांगितलं जातं. रायगड जिल्ह्यात या वाक्याचं वजन आणखी वेगळं आहे. २० मार्च १९२७ ला याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सार्वजनिक तळ्यावर पाणी पिण्यासाठी तेव्हा सत्याग्रह करावा लागला होता. आज त्याच जिल्ह्यातल्या शाळेत कातकरी, ठाकूर, आगरी, मराठा, बौद्ध मुलं एकाच पातेल्यातलं अन्न एका ओळीत बसून खातात. देशात अजूनही काही ठिकाणी दलित बाईने शिजवलं म्हणून मुलांना घरी बोलावल्याच्या बातम्या येतात. म्हणून ही ओळ गृहीत धरता येत नाही.

जेवणाचा परिणाम नुसता त्या दिवसापुरता नसतो. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात १९९३ ते २०१६ या काळातली देशभरातली आकडेवारी तपासली होती. ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली भरली. त्या मुली जास्त शिकल्या, उशिरा आई झाल्या आणि बाळंतपणात दवाखान्यापर्यंत पोचल्या, हीही त्यामागची कारणं होती.

जेवण कुणाला मिळत नाही?

यादीत नाव असूनही जेवण हुकणारी मुलं पनवेलच्या आसपास ठरलेल्या काळात दिसतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. मुलं सोबत जातात. त्यांच्या वाट्याचे १०० ग्रॅम तांदूळ गावातल्या शाळेत, आणि मूल दुसऱ्या तालुक्यात. भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसवता येतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, आणि प्रवेश झाला की जेवणही मिळतं. पण त्यासाठी कुणीतरी भट्टीवर जाऊन मुलं शोधावी लागतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत योजना थांबते. अपवाद दुष्काळी भागाचा. २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तिथे सुट्टीतही जेवण द्यायचं असतं.

तक्रार कुठे करायची?

शाळेत आज काय शिजणार हे फळ्यावर किंवा भिंतीवर लिहिलेलं असायला हवं आणि पालकांना स्वयंपाकघर बघता येतं. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य पालकच असतात, त्यामुळे पहिली विचारणा तिथेच करता येते. पुढे मुख्याध्यापक, मग पंचायत समितीतले शालेय पोषण आहार अधीक्षक आणि गटशिक्षणाधिकारी. जेवण सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस मिळालं नाही, तर जबाबदारी कुणाची हे ठरवणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे. तक्रार तोंडी न करता अर्जावर तारीख घालून, पोच घेऊन केलेली बरी. भत्त्याचा हिशेब त्याच तारखांवरून लागतो.